ट्योनर: डेन्मार्कच्या सीमेवरचं कोम्यून आणि तिथले जर्मनभाषक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ट्योनर कोम्यून कुठे आहे आणि केवढं आहे?

डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पाचा नैऋत्य कोपरा म्हणजे ट्योनर. पश्चिमेला भरती-ओहोटीचा उथळ वाडन समुद्र आहे आणि दक्षिणेला जर्मनीचं श्लेस्विग-होल्स्टाइन हे राज्य. १ जानेवारी २००७ रोजी डेन्मार्कभर स्थानिक प्रशासनाची फेररचना झाली. त्या वेळी ब्रेडेब्रो, होयर, ल्योगुमक्लोस्टर, नॉर-राँगस्ट्रुप, स्केअरबेक आणि जुनं ट्योनर अशी सहा कोम्यून एकत्र करून आजचं कोम्यून बनलं. क्षेत्रफळ सुमारे १,२८० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांच्या एकत्रित क्षेत्रफळाच्या साधारण दुप्पट. एवढ्या जागेत माणसं मात्र जेमतेम ३७,०००.

कोम्यूनला ‘नगरपालिका’ म्हटलं तर तिचा आवाका लक्षात येत नाही. शाळा, पाळणाघरं, वृद्धांची घरी जाऊन घेतली जाणारी काळजी, रस्ते, रोजगार केंद्र, समाजकल्याण हे सगळं तिच्याकडे असतं आणि आयकराचा एक दर ती स्वतः ठरवते. रुग्णालयं तिच्याकडे नाहीत, ती दक्षिण डेन्मार्क प्रदेशाच्या ताब्यात आहेत. कुठल्या कामाला कुठे जायचं याचा घोळ बहुधा याच ठिकाणी होतो.

इथले जर्मनभाषक म्हणजे जर्मनीतून आलेले लोक का?

नाही. अल्पसंख्याक समाजातले बहुतेक लोक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आहेत आणि डॅनिश नागरिक आहेत. माणसं तिथेच राहिली, त्यांच्या डोक्यावरून सीमा सरकली. अलीकडे जर्मनीतून बरीच कुटुंबं इथे राहायला आली आहेत. त्यांच्यातली काही या समाजाच्या शाळा-संस्थांत सामील होतात, काही होत नाहीत. जर्मन पासपोर्ट आहे म्हणून कोणी ‘जर्मन अल्पसंख्याक’ ठरत नाही आणि डॅनिश पासपोर्ट आहे म्हणून कोणी त्यातून वगळला जात नाही.

समाजाची संख्या सहसा १५,००० च्या आसपास सांगितली जाते. ही शिरगणती नव्हे, अंदाज आहे. हे लोक ट्योनर, ओबेनरो, सोन्नरबॉर आणि हादर्सलेव या चार कोम्यूनांत विखुरलेले आहेत. या पट्ट्याला डॅनिश लोक दक्षिण जटलंड म्हणतात, जर्मनभाषक उत्तर श्लेस्विग म्हणतात. प्रदेश एकच.

ही सीमा आत्ताच्या जागी आली कशी?

श्लेस्विग ही जुनी डची, म्हणजे ड्यूकचा प्रदेश. तिच्यावर डॅनिश राजाची सत्ता होती, पण लोक मिश्र भाषांचे होते. १८६४ च्या युद्धात डेन्मार्क हरला आणि १८६७ मध्ये सगळं श्लेस्विग प्रशिया या जर्मन राज्यात विलीन झालं. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने सार्वमत ठरवलं. उत्तरेकडच्या पहिल्या विभागात १० फेब्रुवारी १९२० रोजी मतदान झालं. जवळपास ७५ टक्के मतं डेन्मार्कला पडली. दक्षिणेच्या दुसऱ्या विभागात, म्हणजे फ्लेन्सबुर्गच्या बाजूला, १४ मार्चला मतदान झालं आणि तिथे ८० टक्क्यांनी जर्मनीची निवड केली. १० जुलै १९२० रोजी राजा दहावा ख्रिश्चन पांढऱ्या घोड्यावरून जुनी सीमा ओलांडून आला. तो प्रसंग डॅनिश शाळांमध्ये आजही शिकवला जातो.

ट्योनर शहराने तर जर्मनीला मत दिलं होतं. मग ते डेन्मार्कमध्ये का?

कारण पहिल्या विभागाची मतमोजणी गावनिहाय धरायची नव्हती. संपूर्ण विभागाचा एकच निकाल लागणार होता. ट्योनर शहरात जवळपास ७६ टक्के आणि होयरमध्ये ७० टक्क्यांहून जास्त मतं जर्मनीला होती, पण भोवतालची खेडी डेन्मार्कच्या बाजूची होती आणि एकूण बेरजेत शहरं बुडाली. दुसऱ्या विभागात गावनिहाय मोजणी होती. हा फरक जर्मनांना अन्यायाचा वाटला आणि पुढची वीस वर्षं ‘सीमा दुरुस्त करा’ ही मागणी याच जखमेवर पोसली गेली.

ट्योनरचं व्यापारी नुकसानही झालं. शहराचा दक्षिणेकडचा बाजारहाटाचा पट्टा एका रात्रीत परदेश झाला. जर्मनीच्या सिल्ट बेटावर जाणारे प्रवासी पूर्वी होयरच्या बंधाऱ्याजवळून बोटीने जात असत. १९२० नंतर त्यांना डॅनिश हद्दीतून बंद डब्यांच्या गाड्यांनी न्यावं लागलं आणि १९२७ मध्ये जर्मनीने थेट सिल्टपर्यंत रेल्वेचा बांध टाकल्यावर ती वाहतूकही संपली. आजच्या ट्योनरची आर्थिक सुस्ती समजून घ्यायची असेल तर सुरुवात इथून करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल लोक बोलायला का कचरतात?

कारण समाजाच्या नेतृत्वाने नाझी विचार उघडपणे स्वीकारला होता. अनेक तरुण जर्मन सैन्यात स्वेच्छेने गेले. १९४५ नंतर सुमारे ३,००० जणांना डॅनिश न्यायालयांनी शिक्षा केल्या. कैदेसाठी फ्रोस्लेवची छावणी ‘फोरहूस’ या नव्या नावाने वापरली गेली. जर्मन शाळा बंद झाल्या, इमारती जप्त झाल्या. नोव्हेंबर १९४५ मध्ये ‘बुंड डॉइचर नॉर्डश्लेस्विगर’ ही नवी मुख्य संघटना स्थापन झाली आणि तिने डॅनिश राज्याशी निष्ठा व १९२० ची सीमा दोन्ही मान्य केल्या. नाझी काळाचा हिशोब नीट मांडायला समाजाला पुढे काही दशकं लागली. गप्पांत हा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर ऐका.

अल्पसंख्याक कोण, हे ठरवतं कोण?

ज्याचं त्याने. संपूर्ण व्यवस्थेचा कणा हाच आहे. २९ मार्च १९५५ रोजी बॉन आणि कोपनहेगन इथून दोन स्वतंत्र घोषणा झाल्या. हा करार नव्हता, प्रत्येक सरकारने आपापल्या अल्पसंख्याकांबद्दल स्वतंत्रपणे दिलेला शब्द होता. त्यातलं कळीचं तत्त्व असं: कोणत्या राष्ट्रीयत्वाशी आणि संस्कृतीशी आपण नातं सांगतो हे व्यक्ती मुक्तपणे ठरवेल, आणि सरकारी अधिकारी ते नाकारणार नाही किंवा तपासणारही नाही.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा की कुठलंही ओळखपत्र, जातीचा दाखला किंवा नोंदवही नाही. आडनावावरून तर काहीच कळत नाही. पीटरसन, हान्सन, येन्सन दोन्ही बाजूंना भरपूर सापडतात. मुलं कुठल्या शाळेत जातात, घरी कुठलं वर्तमानपत्र येतं, क्लब कुठला आणि मत कोणाला, यावरून शेजाऱ्यांना अंदाज येतो. तेवढंच.

घरी ते जर्मनच बोलतात ना?

अनेकदा नाही. समाजातल्या बऱ्याच घरांत रोजची भाषा ‘सोन्नरयुस्क’ असते. ही दक्षिण जटलंडची डॅनिश बोली, कोपनहेगनच्या माणसाला झटकन न कळणारी. तीच बोली शेजारचा डॅनिश शेतकरीही बोलतो. जर्मन ही शाळेची, सभेची, चर्चची आणि वाचनाची भाषा. म्हणून दुकानात दोन माणसं डॅनिश बोलीत बोलताना ऐकून ती डॅनिश समाजातली आहेत असं धरून चाललात तर चुकाल. घरची भाषा एक आणि सांस्कृतिक निष्ठा दुसरी, हे इथे कोणालाच विसंगत वाटत नाही.

कोम्यूनच्या कचेरीत जर्मन चालते का?

काही प्रमाणात. डेन्मार्कने प्रादेशिक व अल्पसंख्याक भाषांच्या युरोपीय सनदेला २००० मध्ये मान्यता दिली. ती १ जानेवारी २००१ पासून लागू आहे आणि डेन्मार्कच्या बाबतीत तिच्या संरक्षणाखाली फक्त जर्मन भाषा येते. तिच्या आधारे जर्मनमधली कागदपत्रं सादर करता येतात. पण कारभाराची भाषा डॅनिश आहे, उत्तर डॅनिशमध्ये येईल असंच समजून चला. खिडकीवरच्या अनेक कर्मचाऱ्यांना जर्मन येते, त्यामुळे तोंडी काम सहसा अडत नाही. अडतं ते मुदत आणि अपिलाची माहिती असलेल्या लेखी निर्णयपत्रात. ते डॅनिश येणाऱ्या माणसाकडून त्याच दिवशी वाचून घ्या.

गावांच्या पाट्या दोन भाषांत का नाहीत?

हा विषय अजूनही नाजूक आहे. सीमेच्या जर्मन बाजूला फ्लेन्सबुर्गसारख्या ठिकाणी डॅनिश नाव असलेल्या पाट्या दिसतात. डॅनिश बाजूला हादर्सलेवमध्ये २०१५ साली ‘हादर्सलेबेन’ असंही लिहिलेली पाटी लावली, तिची लगेच मोडतोड झाली आणि ती काढून टाकावी लागली. विरोध करणाऱ्यांच्या मनात जर्मन ताब्याच्या काळाच्या (१९४०–४५) आठवणी असतात. आमच्या मते पाटीवरच्या एका जास्तीच्या नावाने कोणाचं काही जात नाही, पण तो निर्णय इथल्या माणसांनी त्यांच्या गतीने घ्यायचा आहे.

तुमच्यासाठी व्यवहाराची गोष्ट: जुने नकाशे आणि दस्तऐवज शोधताना दोन्ही नावं माहीत हवीत. ट्योनर म्हणजे टोंडर्न, ल्योगुमक्लोस्टर म्हणजे ल्यूगुमक्लोस्टर, ओबेनरो म्हणजे आपेनराडे, सोन्नरबॉर म्हणजे सोंडरबुर्ग, र्‍योमो बेट म्हणजे र्‍योम.

जर्मन शाळेत कोणालाही प्रवेश मिळतो का?

मिळतो, जागा असेल तर. वंश किंवा भाषा सिद्ध करावी लागत नाही. या शाळा कायद्याने खाजगी आहेत. खर्च डॅनिश राज्याचं अनुदान, जर्मनीची मदत आणि पालकांचं शुल्क यांतून भागतो. ट्योनर शहरात लुडविग आंद्रेसन शाळा आहे, ल्योगुमक्लोस्टरलाही जर्मन शाळा आहे. पुढे ओबेनरोत जर्मन गिम्नाझियम (उच्च माध्यमिक शाळा) आहे आणि तिथली अंतिम परीक्षा दोन्ही देशांच्या विद्यापीठांत चालते.

शिक्षण जर्मनमधून, पण डॅनिशही मातृभाषेच्या दर्जाने शिकवतात. म्हणून मूल दोन भाषांत पक्कं होऊन बाहेर पडतं. अडचण उशिरा येणाऱ्यांची होते. चौथी-पाचवीत, जर्मन आणि डॅनिश दोन्ही न येता आलेल्या मुलाला एकाच वेळी दोन नव्या भाषा आणि सगळे विषय पेलावे लागतात. बालवाडीपासून घातलेली मुलं हे सहज करतात. डेन्मार्कमध्ये मूल ज्या वर्षी सहा वर्षांचं होतं त्या ऑगस्टपासून शाळेचा शून्यावा वर्ग सक्तीचा आहे. तेव्हा निर्णय त्याच्या एक-दोन वर्षं आधी घ्यावा. मुक्काम दोन-तीन वर्षांचाच असेल आणि मूल मोठं असेल तर कोम्यूनच्या डॅनिश शाळेत घालणं सोपं जातं, कारण तिथे डॅनिश न येणाऱ्यांसाठी वेगळी मदत देणं कोम्यूनचं काम असतं.

आणखी एक: शाळा पालकांकडून सहभागाची अपेक्षा ठेवते. सभा, स्वच्छता, उत्सव यांत हात लावावा लागतो. फी भरून मोकळं होण्याची ही जागा नाही.

राजकारणात त्यांचं स्थान काय?

‘श्लेस्विगशे पार्टाय’ हा त्यांचा पक्ष १९२० पासून आहे. मतपत्रिकेवर त्याचं अक्षर ‘एस’. डॅनिश संसदेत त्यांचा शेवटचा स्वतःच्या यादीवरचा खासदार १९६४ पर्यंत होता. त्यानंतर पक्षाने स्थानिक राजकारणावर लक्ष दिलं आणि संसदेशी संपर्कासाठी १९८३ पासून कोपनहेगनमध्ये सचिवालय चालवलं.

ट्योनरच्या सभागृहात ३१ सदस्य असतात. महापौर थेट निवडला जात नाही, सदस्य बहुमताने निवडतात. २०२१ च्या निवडणुकीनंतर इतर पक्षांशी आघाडी करून या पक्षाचे योर्गन पॉप पीटरसन महापौर झाले. अल्पसंख्याकांचा माणूस या भागात महापौर होणं युद्धानंतर पहिल्यांदाच घडलं. पक्षाला डॅनिश मतदारांचीही मतं मिळतात, कारण तो ग्रामीण शाळा आणि सीमेपलीकडचं सहकार्य यांवर ठामपणे बोलतो.

मतदानाचा हक्क: स्थानिक निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी होते. युरोपीय संघाच्या नागरिकाने १८ पूर्ण केली आणि तो तिथे राहत असला की पुरे. भारतीय नागरिकाला मात्र मतदानाआधी सलग चार वर्षं डेन्मार्कमध्ये वास्तव्य लागतं. नागरिकत्व लागत नाही. अनेक भारतीयांना हे माहीत नसल्याने ते मत देतच नाहीत.

भारतातून नोकरीसाठी येतोय. पहिल्या दिवसांत काय करायचं?

राहण्याचा परवाना हातात आल्यावर आधी पत्ता पक्का करा, कारण पत्त्याशिवाय सीपीआर क्रमांक (डॅनिश नागरी नोंदणी क्रमांक) मिळत नाही आणि त्या क्रमांकाशिवाय बँक, डॉक्टर, पगार सगळं अडतं. राहायला आल्यापासून पाच दिवसांत कोम्यूनच्या नागरिक सेवा खिडकीवर नोंदणी करायची असते. पासपोर्ट, परवाना, भाडेकरार, आणि कुटुंब सोबत असेल तर विवाह व जन्माचे दाखले न्या. दाखला फक्त मराठीत असेल तर निघण्यापूर्वीच त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि अपोस्टिल (दाखला परदेशात चालावा म्हणूनचं सरकारी प्रमाणीकरण) करून घ्या. तिथे पोहोचून हे करणं महाग आणि वेळखाऊ.

मग क्रमाने: मिटआयडी ही डिजिटल ओळख, करपत्र, बँक खातं आणि ते ‘नेमकोंटो’ (सरकारकडून येणारे पैसे जमा होण्याचं खातं) म्हणून जोडणं. पिवळं आरोग्य कार्ड टपालाने येतं, म्हणून टपालपेटीवर तुमचं नाव हवं. नाव नसेल तर पत्र परत जातं. सगळ्यात जास्त इथेच फसतात.

घरमालक कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं आगाऊ भाडं मागू शकतो. म्हणजे पहिल्या महिन्यासह बरीच रक्कम तयार ठेवा. र्‍योमोवरची स्वस्त उन्हाळी घरं वर्षभर राहण्यासाठी चालत नाहीत. हिवाळ्यात तिथे कायम राहायला परवानगी नसते आणि तो पत्ता नोंदणीसाठी अडचणीचा ठरतो.

जर्मनीत स्वस्त घर घेऊन ट्योनरला रोज ये-जा केली तर?

युरोपीय नागरिक हे सर्रास करतात. भारतीय नागरिकाने मात्र नीट पाहावं. डॅनिश परवान्यावर जर्मनीला १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत भेट देता येते, तिथे राहता किंवा नोकरी करता येत नाही. दोन देश, दोन परवाने. शिवाय डेन्मार्क युरोपीय ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा परवाना) योजनेत नाही, त्यामुळे त्याचा आधार घेता येत नाही. आणि डेन्मार्कमध्ये राहून जर्मन क्रमांकाची गाडी चालवणंही धोक्याचं. गाडीची नोंदणी इथे करावी लागते आणि डॅनिश नोंदणी कर भारी असतो.

सीमेवर पासपोर्ट दाखवावा लागतो का?

दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, एकच व्हिसा चालतो. पण डेन्मार्कने जानेवारी २०१६ पासून तात्पुरती तपासणी सुरू केली आणि ती वारंवार वाढवली. सेएद इथल्या मोठ्या रस्त्यावर किंवा रेल्वेत कधीही कागद विचारले जातात. सायकलवरून जात असलात तरी पासपोर्ट आणि राहण्याचं कार्ड सोबत ठेवा. रुडब्योल गावात तर सीमा रस्त्याच्या मधोमध जाते, खुणेचे दगड रस्त्यातच आहेत.

शेतांच्या कडेने दिसणारं दीड मीटर उंचीचं कुंपण माणसांसाठी नाही. ते २०१९ मध्ये रानडुकरांना अडवण्यासाठी सुमारे ७० किलोमीटर बांधलं गेलं. आफ्रिकन स्वाइन फीवर आला तर डेन्मार्कची डुकराच्या मांसाची निर्यात थांबेल, ही भीती. नद्या आणि रस्त्यांवर ते अर्थात खुलं आहे.

क्रोन आणि युरो यांचा दर जवळपास स्थिर असतो, १०० युरोला ७४६ क्रोनच्या आसपास. सीमेवरच्या डॅनिश दुकानांत युरो घेतात, पण सुट्टे क्रोनमध्ये देतात आणि दर दुकानदार ठरवतो. कार्ड वापरा.

डेन्मार्क पहिल्या महायुद्धात तटस्थ होता. मग इथल्या गावांत १९१४–१८ चे स्मारकदगड का?

कारण तेव्हा हा भाग जर्मनीत होता. इथल्या सुमारे ३०,००० पुरुषांना जर्मन सैन्यात जावं लागलं, त्यांतले ५,००० हून जास्त परतले नाहीत. त्यांत मनाने डॅनिश असलेलेही होते. प्रत्येक चर्चच्या आवारात त्या गावची नावं कोरलेली आहेत, जर्मन आणि डॅनिश भेद न करता. ट्योनरला जर्मन झेपेलिनांचा, म्हणजे वायू भरलेल्या प्रचंड हवाई जहाजांचा, तळही होता. १९ जुलै १९१८ रोजी ब्रिटिशांच्या ‘फ्युरियस’ जहाजावरून आलेल्या विमानांनी तिथे एल ५४ आणि एल ६० ही दोन झेपेलिन जाळली. विमानवाहू जहाजावरून जमिनीवर केलेला असा यशस्वी हल्ला तेव्हा नवीनच होता.

त्या काळाची आणखी एक खूण: इथली स्वयंसेवी अग्निशमन दलं. बाकी डेन्मार्कच्या मानाने ती या भागात खूप जास्त आहेत, कारण ती पद्धत जर्मन काळात रुजली. गावात ओळखी करून घ्यायच्या असतील तर दलात नाव द्या. डॅनिश आणि जर्मन समाज तिथे एकाच गणवेशात असतात. आणीबाणीत दोन्ही बाजूंना ११२ हाच क्रमांक.

काय पाहावं, आणि कधी?

मध्य मार्च ते मध्य एप्रिल किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर अखेर या. मार्शच्या (किनाऱ्यालगतच्या सखल, ओलसर) कुरणांत लाखो स्टार्लिंग पक्षी अळ्या खायला उतरतात आणि सूर्यास्ताला बोरूच्या बेटांत झोपायला जाताना आकाशात एकत्र वळणं घेतात. ससाणा आला की थवा आवळतो आणि खरं दृश्य तेव्हा दिसतं. थवे झोपायची जागा बदलतात, म्हणून वाटाड्याबरोबर जा. रबरी बूट आणि वारा अडवणारं जाकीट न घेता गेलात तर पंधरा मिनिटांत परत यावंसं वाटेल.

र्‍योमोला मुख्य भूमीशी जोडणारा बांध १९४८ मध्ये खुला झाला. टोल नाही. बेटाच्या किनाऱ्यावर गाडी नेता येते, पण पाण्याजवळच्या ओल्या वाळूत चाकं रुततात आणि भरती परत येते. भरतीची वेळ पाहून, इतर गाड्यांच्या पट्ट्यातच थांबा. मोगेलट्योनरची लिंडन झाडांची दगडी गल्ली आणि शाकेनबोर्ग वाडा, ल्योगुमक्लोस्टरच्या, ११७३ मध्ये स्थापन झालेल्या सिस्टर्शियन (एक ख्रिस्ती संन्यासी पंथ) मठाचं चर्च, आणि ट्योनरच्या जुन्या जलकुंभातल्या, याच गावात १९१४ मध्ये जन्मलेले फर्निचर डिझायनर हान्स वेग्नर यांच्या खुर्च्या, हे एका दिवसात होतं. ऑगस्टअखेरच्या लोकसंगीत महोत्सवाच्या दिवसांत खोली मिळणं कठीण, महिनोन्‌महिने आधी घ्या.

रेल्वेने यायचं तर कोपनहेगनकडून एस्बियर्ग किंवा ब्रामिंगला गाडी बदलून, हॅम्बुर्गकडून नीब्युलला बदलून.

शाकाहारी माणसाचं काय होईल?

स्थानिक जेवणात डुकराचं मांस आणि सॉसेज मुख्य. पण ‘दक्षिण जटलंडी कॉफीपान’ ही इथली खरी शान. जर्मन राजवटीत डॅनिश सभागृहांना दारूचा परवाना मिळणं अवघड होतं, म्हणून सभांना कॉफी आणि घरून आणलेले केक असायचे, अशी त्यामागची हकीकत सांगतात. टेबलावर दहा-बारा प्रकार असतात. राईच्या पावाच्या चुऱ्याचा आणि मलईचा थरांचा ‘ब्रोटोर्टे’ नक्की खा, अंडं चालत असेल तर. क्रम असा: आधी साधे पाव, मग मऊ केक, मग मलईचे, शेवटी बिस्किटं. सगळ्याचा थोडा थोडा घ्या. यजमान मोजत नाहीत, पण एकही प्रकार टाळलेला त्यांच्या लक्षात येतो.

स्थानिक घडामोडी कुठे वाचायच्या?

‘डेअर नॉर्डश्लेस्विगर’ हे जर्मन वर्तमानपत्र १९४६ पासून निघतं. फेब्रुवारी २०२१ पासून छापील दैनिक बंद करून ते मुख्यतः डिजिटल झालं. सभा, शाळाप्रवेशाचे दिवस, रस्तेबंदी हे तिथे सविस्तर येतं. जर्मन वाचता येत असेल तर डॅनिश शिकेपर्यंतचे पहिले महिने त्यावर नीट निघतात.